कार्डावर नाव नाही

२००६ साली अमेरिकेने ऑनलाइन जुगाराविरुद्ध केलेला कायदा मला भारी वाटतो. एक तर तो बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाला शेपटासारखा चिकटवून आणला. १३ ऑक्टोबरला बुश यांची सही झाली. दुसरं म्हणजे त्याने पैज लावणाऱ्याला हात लावलाच नाही, पैशाची वाट अडवली. कार्डाच्या व्यवहारात जुगाराला ७९९५ हा कोड असतो. तो दिसला की बँक नकार देणार. जानेवारी २००७ मध्ये नेटेलर या ई-वॉलेटच्या संस्थापकांना अटक झाली आणि कंपनीने अमेरिकेतून गाशा गुंडाळला.

मग लोक प्रीपेड कार्डांकडे वळले. युरोपात तशी सोय आधीच होती. व्हिएन्नात २००० साली पेसेफकार्ड निघालं होतं: दुकानात नोटा द्या, १६ आकडी पिन घ्या. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पैजेचा मागमूस नाही. आपल्या मटक्याची चिठ्ठीच म्हणा ना.

फरक एवढाच, की मटकेवाला जिंकलेले पैसेही रोख द्यायचा. गिफ्ट कार्डातून पैसा आत जातो, बाहेर येत नाही. जिंकलात की साइट बँक खातं मागणार, ओळखपत्र मागणार. हरलात तर कोण कशाला मागतंय?

१४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-सट्ट्यावरचा १९९२ चा कायदा रद्द केला. आता तिथल्या दुकानांत इतर गिफ्ट कार्डांशेजारी बेटिंग कंपन्यांचीही कार्डं टांगलेली असतात.