हातोहाती आलेली पुस्तके

एखाद्या माणसाने दुसऱ्याला 'हे पुस्तक वाच' म्हणून सांगितले, तर त्याची नोंद कोण ठेवतो? कोणीच नाही. पुस्तक कोणत्या साली छापले, कोणत्या छापखान्यात छापले, किंमत किती, हे सारे पहिल्या दोन पानांत सापडते. ते कोणाच्या सांगण्यावरून कोणाच्या हाती गेले, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. पुस्तकांचा बराचसा इतिहास या न लिहिलेल्या भागातच राहून गेला आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. कशावरून, ते सांगतो.

मी महागावला इतिहास शिकवितो. यवतमाळहून आर्णीच्या वाटेने नांदेडकडे निघालात, म्हणजे उमरखेडच्या अलीकडे हे तालुक्याचे गाव लागते. भोवताली कापूस, सोयाबीन, हळद. पुस्तकांचे दुकान म्हणजे शाळेची पुस्तके आणि वह्या विकणारे दुकान. अशा ठिकाणी वाचनाच्या इतिहासावर काय बोलणार, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटे. एका पावसाळ्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी सहज सांगितले, "घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा की, मी एकच पुस्तक वाचायचं तर कोणतं वाचू? आणि जे उत्तर मिळेल ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा."

माझ्या अपेक्षेतली नावे आलीच. 'श्यामची आई' आली, 'मृत्युंजय' आले, तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' तर निम्म्या वर्गाने आणली. पण उरलेल्या चिठ्ठ्या वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. एका मुलाच्या चुलत्याने 'मोटार भरायचं पुस्तक' सांगितले होते. जळालेल्या पंपाच्या मोटारीत तांब्याची तार पुन्हा कशी भरावी, किती वेढे द्यावे, हे सांगणारे. त्या पुस्तकावर त्यांचे पंधरा वर्षे घर चालले आहे. "सर, काका म्हणत्यात, तुमी पण वाचजा, लय कामाचं हाये." कोणाच्या घरून शंकर दाजीशास्त्री पदे यांचे 'आर्यभिषक्' आले. कोणी नाथमाधवांचे 'वीरधवल' लिहिले, कोणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार. एका आजीने तर पुस्तकाचे नाव सांगितले नाही, लेखकाचेही नाही. तिच्या नातीने लिहून आणले होते : 'नाव ध्यानात नाही, पण ते कौतिकचं पुस्तक वाच.' वऱ्हाडातल्या वाचकाला एवढी खूण पुरे आहे. उद्धव शेळक्यांची 'धग', १९६० सालची. समीक्षकांनी त्या कादंबरीला मोठेपण दिलेच. पण कादंबरीचे नाव विसरून तिच्यातल्या बाईचे नाव शेजारणीसारखे लक्षात ठेवणे, हा मान मला त्याहून थोडा वरचा वाटतो.

या चिठ्ठ्यांचे मी दोन ढीग केले : एक कादंबऱ्यांचा, एक उपयोगाच्या पुस्तकांचा. मग वाटले, हे दोन ढीग करायला आपल्याला शिकविले कोणी? सांगणाऱ्या माणसांनी तर केले नव्हते. त्यांच्या लेखी दोन्ही पुस्तके कामाचीच.

मराठी कादंबरीच्या आरंभाकडे पाहा. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. यमुना आपल्या नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडते आणि जागोजाग विधवांची स्थिती पाहते, अशी त्याची रचना. लेखकाला गोष्ट सांगायची होती, पण त्याहून अधिक त्याला समाजापुढे एक दुखणे उघडे करून ठेवायचे होते. १८८१ साली विनायक कोंडदेव ओकांनी 'शिरस्तेदार' लिहिली. कचेरीतल्या लाचखाऊपणाचे काय परिणाम होतात, हा तिचा विषय. त्याच ओकांनी त्याच साली मुलांसाठी 'बालबोध' मासिक सुरू केले. गोष्ट सांगणे आणि शहाणे करणे हे त्यांना दोन वेगळे धंदे वाटत नव्हते. साहेबाच्या देशातही निराळे नव्हते म्हणा. डीफोचा रॉबिन्सन क्रूसो १७१९ मध्ये निघाला. त्यातला बेटावरचा माणूस मडके कसे भाजतो, धान्य कसे पेरतो, भाकरीपर्यंत कसा येतो, हे काढून टाका आणि मागे काय उरते ते पाहा!

दुसऱ्या बाजूला उपयोगाची पुस्तके. रामचंद्र सखाराम गुप्त्यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० साली आले, ते हजार पाकक्रिया घेऊन. त्याच्या साठ वर्षांनंतर, १९७० मध्ये, कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापे देऊन नव्या संसाराला लागलेल्या मुलींची काळजी मिटविली. नागपूरच्या 'उद्यम' मासिकाने साबण, शाई, मेण यांच्या कृती वऱ्हाडातल्या घराघरांत पोचविल्या. ही सारी मराठी गद्याचीच कामे. 'मंद आचेवर तांबूस होईतो परतावे' हे वाक्य लिहायलाही भाषा घोटावी लागते. तरी वाङ्मयाच्या इतिहासात या पुस्तकांना जागा नाही. कादंबऱ्यांना आहे, पण ती मोजक्यांनाच. उरलेल्या एकेका ओळीत आटोपतात.

अशा आटोपलेल्या एका कादंबरीबद्दल मला जरा थांबून बोलायचे आहे.

कृष्णराव भालेकर हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. १८७७ साली त्यांनी 'दीनबंधु' पत्र काढले. पुढे १८८८ मध्ये त्यांची 'बळीबा पाटील आणि १८७७ चा दुष्काळ' ही कादंबरी त्या पत्रातून आली. दुष्काळात सापडलेला शेतकरी हा तिचा विषय. मराठीतली ग्रामीण कादंबरी कुठून सुरू होते, असे विचारले की पुष्कळ दिवस धनुर्धाऱ्यांच्या 'पिराजी पाटील'चे, म्हणजे १९०३ सालचे, नाव सांगितले जाई. भालेकरांची कादंबरी त्याआधी पंधरा वर्षांची. पण वर्तमानपत्रात आलेले लिखाण जुन्या अंकांबरोबर रद्दीत जाते. ते पुस्तकरूपाने कपाटात उभे नव्हते, म्हणून कोणी कोणाला सांगू शकले नाही. पुढे भालेकरांचे समग्र वाङ्मय छापले गेले, तेव्हा कुठे अभ्यासकांची नजर तिकडे वळली.

आता आमच्या तालुक्याचे पाहा. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायकोमुलांसह जीवन संपविले. शेतकरी आत्महत्यांची चर्चा महाराष्ट्रात पुढे सुरू झाली, तेव्हा लोक त्या घटनेकडे बोट दाखवू लागले. दर वर्षी त्या तारखेला पुष्कळ लोक अन्नत्याग करतात. हे आमच्या मुलांना ठाऊक आहे, त्यांनी ते घरातच ऐकलेले आहे. मात्र शेतकऱ्याची ही कोंडी त्याच्या अठ्ठ्याण्णव वर्षे आधी एका मराठी माणसाने कादंबरीत मांडली होती, हे माझ्या वर्गात एकालाही माहीत नव्हते. त्यांना कशाला बोल लावा? मी इतिहासाचा एम.ए., मलाच पस्तिशी उलटल्यावर कळले. तेही ग्रंथालयात नव्हे. नांदेडच्या गाडीत शेजारी बसलेल्या एका गृहस्थाने सांगितले म्हणून. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले.

असेच दुसरे एक नाव. आमचा पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता, आणि महागाव त्या वेळी पुसदमध्येच मोडे. त्या वाशीमला १९०७ साली गीता साने जन्मल्या. १९३६ मध्ये त्यांची 'निखळलेली हिरकणी' आली. लग्नात बाईच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न त्यांनी त्या काळात असा सरळ विचारला की, आज वाचतानाही आपण चपापतो. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'ने तीनच वर्षांपूर्वी महाराष्ट्र खळबळून सोडला होता. शिरूरकरांचे नाव टिकले, आणि ते टिकायलाच हवे होते. गीताबाईंचे मात्र मागे पडले. आमच्या गावात ते कोणी सांगितले? एका निवृत्त शिक्षिकेने. नातवाच्या चिठ्ठीवर तिने स्वतःच्या हाताने लिहून पाठविले, आणि खाली एक ओळ जोडली : 'मुलींनी लग्नाआधी वाचावे, मी नंतर वाचले.'

अशी सांगणारी माणसे एकत्र आणण्याचे उद्योग महाराष्ट्रात झालेच नाहीत, असे नाही. १९६४ साली सुरू झालेल्या 'ललित' मासिकाने 'चोखंदळ वाचकांची निवड' छापण्याचा पायंडा पाडला. १९७४ मध्ये 'ग्रंथाली'ने वाचकांची चळवळच उभी केली, आणि तिच्यातूनच दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली बाहेर पडले. पण या उद्योगांचे बळ मुख्यतः शहरांत. खेड्यातल्या वाचनालयाला १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे अ-ब-क-ड असा वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान. त्या अनुदानात येणारी पुस्तके कोण निवडतो, आणि ती निवडण्यापूर्वी गावाला कोणी विचारतो का, हा प्रश्न मी इथे नुसता विचारून ठेवतो.

शंकर गणेश दाते यांचे नाव मात्र घेतल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केली. पुढचा १९५० पर्यंतचा भाग १९६१ साली आला. ही सूची मी कादंबरीसारखी वाचतो, हसू नका. तिच्यात उच्चनीच नाही. महाकाव्याला जी ओळ, तीच लोणच्याच्या पुस्तकाला. एका माणसाने मनावर घेतले, म्हणून शेकडो पुस्तकांची निदान नावे तरी उरली.

नावे उरली म्हणालो, कारण पुस्तके उरतातच असे नाही. आणि दोन्ही प्रकारच्या पुस्तकांचा मरण्याचा रस्ता निरनिराळा. कादंबरी न वाचल्याने मरते. उपयोगाचे पुस्तक वाचल्याने मरते! स्वयंपाकघरातल्या पुस्तकाला तेलाचे बोट लागते, हळद लागते, नेमके लागणारे पान आधी सुटते. मोटार भरणाऱ्याचे पुस्तक ऑइलने काळे होते. जितके चांगले तितके लवकर फाटते, मग नवी आवृत्ती येते आणि जुनी चुलीत. शंभर वर्षांनी ग्रंथालयात कोरी करकरीत प्रत सापडलीच, तर खुशाल समजावे की ती कोणी वापरली नव्हती.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे.

आमच्या आबाजींची एक लाकडी पेटी होती. आबाजी म्हणजे माझे आजोबा. ते गेल्यावर काही वर्षांनी घर नव्याने बांधायला काढले, तेव्हा ती पेटी मी उपसली. मी नुकताच अध्यापक झालो होतो, आणि पुस्तकातले आपल्याला कळते असा माझा भ्रम होता. कादंबऱ्या, चरित्रे, पोथ्या मी ठेवल्या. शेतकीची चार-पाच पुस्तके होती, कव्हरे गेलेली, वाळवी लागलेली. ती रद्दीवाल्याच्या काट्यावर घातली. घालताना एक चाळले होते, एवढे आठवते. समासात आबाजींचे बारीक पेन्सिलीचे अक्षर : पहिला पाऊस कोणत्या नक्षत्रात, पेरणी केव्हा, कोणाकडून किती बियाणे उसने, कापसाला काय भाव. एका पानावर बहात्तर साल होते. मी ते मिटले आणि काट्यावर ठेवले.

१९७२ चा दुष्काळ तुम्हांला ठाऊक आहे. त्याच साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. त्या एका वर्षात महागावच्या शिवारातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्यावर काय गुजरली, याचे त्याच्याच हातचे टिपण माझ्या घरात होते. असे एखादे टिपण मिळावे म्हणून आज मी गावोगाव हिंडतो. घरी आईला मी ते सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुले तेव्हा कादंबऱ्याच पायजे होत्या."

तेव्हापासून वर्गातल्या चिठ्ठ्या मी फेकत नाही. त्यांची एक जाड वही केली आहे. पुस्तकाचे नाव, सांगणाऱ्याचे नाते, आणि 'कशासाठी' असा एक रकाना. या रकान्यात 'वेळ जातो' असे क्वचितच येते. 'धीर आला', 'मोटार चालू झाली', 'सासूला आवडले', 'रडू आले', 'पोटदुखी थांबली' अशी उत्तरे असतात. कादंबरीपुढे काय लिहिले आहे आणि औषधाच्या पुस्तकापुढे काय, हे नावे झाकून ओळखायला सांगितले तर मी तरी पैज लावणार नाही.

तुमच्या घरी अशी पुस्तके असतील. कव्हर नसले तरी चालेल, पण समास पाहिल्याशिवाय काट्यावर घालू नका.

भालेकरांच्या कादंबरीची एक झेरॉक्स प्रत मी शेवटी मिळविली आणि मोटार भरणाऱ्या त्या काकांना नेऊन दिली, कारण पहिले पुस्तक मला त्यांनी सुचविले होते. महिन्याने मागायला गेलो. ते म्हणाले, "सर, ते फुलसावंगीच्या माह्या साडभावानं नेलं." साडभावाकडे निरोप धाडला, तर ते तिथूनही पुढे गेले होते. वहीत 'परत आले' असा रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही.