ढाल निष्पाप असते काय? क्षेपणास्त्रविरोधी कवचाच्या वादाचा इतिहास

तलवार उपसणाऱ्यास जाब विचारला जातो. ढाल धरणाऱ्यास तो सहसा कोणी विचारीत नाही. आत्मरक्षण हा प्राणिमात्राचा धर्म मानला गेल्याने ढालीला आपोआप निष्पापपणाचा मान मिळतो. अण्वस्त्रयुगात मात्र हा मान वादात सापडला. शत्रूचे क्षेपणास्त्र आकाशातच नष्ट करणारी यंत्रणा उभारावी की उभारू नये, हा वाद १९६० च्या दशकापासून चालू आहे. तो केवळ सेनापतींचा व तंत्रज्ञांचा वाद नव्हे. भयाची उत्पत्ती कशी होते, या मूलगामी प्रश्नाशी त्याचा संबंध असल्यामुळे त्याचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

६ व ९ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा आणि नागासाकी येथे पडलेले अणुबॉम्ब विमानांनी वाहून नेले होते. विमान पाडता येते. परंतु १९५७ साली सोव्हिएत संघाने आंतरखंडीय क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी केली आणि सुमारे अर्ध्या तासात एका खंडातून दुसऱ्या खंडावर अण्वस्त्र टाकणे शक्य झाले. दोन्ही महासत्तांनी प्रतिकाराचे उपाय शोधण्यास आरंभ केला. सोव्हिएत संघाने तर मॉस्कोभोवती क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा उभारावयास घेतली.

२३ व २५ जून १९६७ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या ग्लासबरो या गावी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन आणि सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांची भेट झाली. अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी तेथे कोसिगिन यांना विनविले की, मॉस्कोभोवतीची ढाल थांबवा. अन्यथा ती भेदण्यासाठी आम्हांस अधिक अण्वस्त्रे बनवावी लागतील. कोसिगिन संतापले. संरक्षण नैतिक आणि आक्रमण अनैतिक, मग आपल्या लोकांचे रक्षण करणे हा अपराध कसा, असा त्यांचा प्रश्न होता. सामान्य माणसाच्या विवेकबुद्धीला कोसिगिन यांचेच म्हणणे पटेल. तथापि इतिहासाने मॅक्नमारा यांच्या बाजूने साक्ष दिली.

याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. दोन्ही पक्षांना परस्परांच्या प्रत्याघाताचे भय असते, म्हणून कोणीच पहिला आघात करीत नाही, असा त्या काळच्या शांततेचा निष्ठुर आधार होता. एका पक्षाने ढाल उभारली की दुसऱ्यास वाटू लागते, ‘हा आता आमच्यावर आघात करील आणि आमचा उरलासुरला प्रत्याघात ढालीवर झेलील.’ ढाल धरणाऱ्याचा हेतू शुद्ध असेलही. परंतु शत्रूला हेतू दिसत नाही, यंत्र दिसते. त्या यंत्राला तो आपल्या शस्त्रांची संख्या वाढवून उत्तर देतो.

नेमके तसेच घडले. स्वतः मॅक्नमारा यांनाही आपले म्हणणे टिकविता आले नाही. १८ सप्टेंबर १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील भाषणात अशा यंत्रणेचे दोष त्यांनी सविस्तर सांगितले आणि त्याच भाषणात चीनपासून संरक्षण म्हणून ‘सेंटिनेल’ नावाची मर्यादित यंत्रणा उभारण्याची घोषणा केली. चीनने त्याच वर्षी १७ जून रोजी हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती.

या टप्प्यावर वाद बंद दारांबाहेर आला, ही आमच्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना होय. मार्च १९६८ मध्ये हान्स बेथे व रिचर्ड गार्विन या शास्त्रज्ञांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लेख लिहून दाखवून दिले की, खऱ्या अण्वस्त्राबरोबर स्वस्त, फसवी लक्ष्ये सोडून कोणतीही ढाल चकविता येते. त्याच वर्षी सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बचे एक शिल्पकार आंद्रेई साखारोव यांच्या निबंधानेही या यंत्रणांचा धोका सांगितला. त्यांना गुप्त संशोधनातून दूर करण्यात आले. ज्यांच्या हातांनी बॉम्ब घडले होते त्यांच्यापैकी काहींनीच ढालीविषयी जगाला सावध करावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

सेंटिनेलची रोधक क्षेपणास्त्रेसुद्धा अण्वस्त्रे वाहणारी होती. ती आपल्या घरांजवळ बसविली जाणार हे कळताच बोस्टन, शिकागो, सिॲटल या शहरांच्या परिसरातील नागरिक विरोधास उभे राहिले. मार्च १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी योजना बदलून ती क्षेपणास्त्रांच्या तळांच्या रक्षणापुरती ठेवली, नाव ‘सेफगार्ड’. म्हणजे जी ढाल माणसांसाठी म्हणून निघाली होती, ती शेवटी शस्त्रांच्या रक्षणास लागली! ६ ऑगस्ट १९६९ रोजी, हिरोशिमाच्या स्मृतिदिनी, सिनेटमध्ये ही योजना रोखणाऱ्या एका दुरुस्तीवर ५० विरुद्ध ५० अशी मते पडली; उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू यांच्या मताने योजना वाचली. परंतु एवढ्या विरोधामुळे वाटाघाटींचा मार्ग मोकळा झाला. २६ मे १९७२ रोजी मॉस्को येथे निक्सन व ब्रेझनेव्ह यांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा करार केला. प्रत्येकी दोन ठिकाणे व प्रत्येक ठिकाणी शंभर रोधक क्षेपणास्त्रे ही मर्यादा ठरली. १९७४ मध्ये दोनाचे एकच ठिकाण झाले. अमेरिकेने नॉर्थ डाकोटातील आपली यंत्रणा १९७५ साली कार्यान्वित केली आणि काही महिन्यांतच बंद केली.

करार झाला, तरी तत्पूर्वीच्या भयाची फळे भोगावी लागलीच. मॉस्कोची ढाल भेदण्याच्या विचारातून एकाच क्षेपणास्त्रावर अनेक अण्वस्त्रे बसविण्याची विद्या पुढे आली. १९७० पासून अमेरिकेने तशी क्षेपणास्त्रे तैनात केली व काही वर्षांत सोव्हिएत संघानेही तेच केले. ढाल एका शहरापुरती राहिली. तिच्यामुळे जन्मलेली अण्वस्त्रे मात्र हजारोंनी वाढली.

२३ मार्च १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अवकाशातील संरक्षणाची कल्पना मांडली. सूड उगविण्याच्या धमकीवर शांतता टिकविण्यापेक्षा जीव वाचविणे श्रेयस्कर नव्हे काय, हा त्यांचा प्रश्न क्षुल्लक मानता येणार नाही. लक्षावधी निरपराध्यांना ओलीस ठेवणारी शांतता कोणत्याही नीतीला मान्य होणार नाही. परंतु ऑक्टोबर १९८६ मध्ये रेक्याविक येथे रेगन व गोर्बाचेव्ह सर्व अण्वस्त्रे नष्ट करण्याच्या चर्चेपर्यंत पोहोचले असता ती चर्चा याच ढालीपाशी मोडली. संशोधन प्रयोगशाळेपुरते ठेवा, असे गोर्बाचेव्ह म्हणाले. रेगन यांनी नकार दिला. अस्तित्वात नसलेल्या ढालीसाठी अस्तित्वात असलेली शस्त्रे राहिली.

पुढे १३ जून २००२ रोजी अमेरिका १९७२ च्या करारातून बाहेर पडली. दुसऱ्याच दिवशी रशियाने, अनेक अण्वस्त्रे वाहणाऱ्या जमिनीवरील क्षेपणास्त्रांवर बंदी घालणारा १९९३ चा करार आपल्यावर बंधनकारक नसल्याचे जाहीर केले. १ मार्च २०१८ रोजी पुतिन यांनी नव्या अस्त्रांची यादी जगापुढे ठेवताना कारण दिले ते अमेरिकेने मोडलेल्या त्याच कराराचे. २० मे २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ‘गोल्डन डोम’ योजनेसाठी १७५ अब्ज डॉलरांचा अंदाज जाहीर केला.

हे सर्व दूरदेशीचे आहे असे वाचकांनी समजू नये. भारताने नोव्हेंबर २००६ मध्ये क्षेपणास्त्रविरोधी क्षेपणास्त्राची चाचणी केली. २४ जानेवारी २०१७ रोजी पाकिस्तानने अनेक अण्वस्त्रे वाहू शकणाऱ्या ‘अबाबील’ची चाचणी केली आणि या प्रदेशातील वाढत्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा हे कारण सांगितले. ११ मार्च २०२४ रोजी भारताने अनेक अण्वस्त्रे वाहण्याची क्षमता असलेल्या अग्नी-५ ची चाचणी केली. ग्लासबरोचा धडा आपल्या अंगणात पुन्हा गिरविला जात आहे.

‘हे असल्याने ते होते’ हा पटिच्चसमुप्पादाचा विचार आमच्या वाचकांस परिचित आहे. ढाल आणि शस्त्र हे विरोधी पदार्थ नसून एकाच कार्यकारणसाखळीचे दुवे आहेत, हे येथवरच्या घटनांवरून स्पष्ट व्हावे. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताचा विषयच हाती धरलेला दण्ड व त्यातून उपजणारे भय हा आहे. आणि अट्ठकथा त्या सुत्ताचा संबंध रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटलेल्या कलहाशी जोडते. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून हाच कलह मांडला. तेथे शाक्यसंघाचे बहुमत युद्धाच्या बाजूने होते. सिद्धार्थाची सूचना होती ती दोन्ही पक्षांनी आपापली माणसे निवडून लवाद नेमण्याची. ती फेटाळली गेली.

१९७४ च्या पोखरण स्फोटाशी बुद्धाच्या हास्याचा संकेत जोडला गेला आणि ११ मे १९९८ चे स्फोट वैशाख पौर्णिमेस झाले. त्या नावाचा असा उपयोग होताना आपल्याला वेदना झाल्या, परंतु वेदना पुरेशी नाही. १९७२ चा करार शास्त्रज्ञांच्या लेखणीने, नागरिकांच्या सभांनी आणि सिनेटमधल्या अपुऱ्या पडलेल्या पन्नास मतांनी शक्य केला होता. आकाशातील कोणत्याही ढालीपेक्षा कागदावरच्या त्या मर्यादेने तीस वर्षे अधिक रक्षण केले, असे आमचे मत आहे. आपल्या देशात अशा यंत्रणेवर तशी खुली चर्चा व्हावी, ढालीलाही जाब विचारला जावा आणि तो विचारणाऱ्यांत सिद्धार्थाच्या सूचनेचे वारसदार असावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.