न्यायमूर्तींचे झगे
मी नागरिकशास्त्र शिकवायचो, म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय. त्यामुळे ‘अमेरिका (द बुक)’ हाती आलं, तेव्हा आधी धड्याखालचे स्वाध्यायच पाहिले. जॉन स्टुअर्ट आणि त्याच्या ‘द डेली शो’ या उपहासात्मक टीव्ही कार्यक्रमाच्या लेखकांनी २००४ मध्ये शालेय पाठ्यपुस्तकाचं सोंग घेऊन अमेरिकी शासनाची टिंगल केली. प्रस्तावना चक्क केव्हाच दिवंगत झालेले राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या नावाने! एका पानावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींचे चेहरे उघड्या अंगांवर चिकटवलेले आणि जोडीला, कापून अंगावर चढवायला, काळे झगे. त्या पानापायी वॉलमार्टने पुस्तक दुकानात ठेवलंच नाही. मिसिसिपीतल्या एका ग्रंथालय मंडळाने बंदी घातली आणि टीका झाल्यावर २००५ च्या जानेवारीत मुकाट्याने उठवली. खप काही थांबला नाही. ‘पब्लिशर्स वीकली’ने तर ते वर्षाचं पुस्तक ठरवलं. मला विचाराल तर झग्यांचा विनोद बेताचाच, स्वाध्याय मात्र पहिल्या नंबरचे.