थंड पाण्याच्या गल्लीतली नवी-जुनी घरं

इस्तंबूलच्या सुलतानअहमत भागात 'ऑटोमन' हॉटेलांची नुसती रेलचेल आहे. त्यातली सगळ्यात देखणी गल्ली म्हणजे सोउकचेश्मे. सोउक म्हणजे थंड, चेश्मे म्हणजे पाणी भरायची सार्वजनिक जागा. (आपला चष्मा त्याच फारसी कुळातला बरं का!) एका बाजूला सन ५३७ मधली आयासोफिया, दुसऱ्या बाजूला तोपकापी राजवाड्याचा पंधराव्या शतकातला तट. या तोपकापीतली 'तोप' म्हणजे आपली तोफच. तटाला पाठ टेकून पिवळ्या, गुलाबी, हिरवट लाकडी घरांची रांग उभी आहे.

तिथे दोन रात्री राहिलो. पितळी पलंग, जड पडदे, खिडकीतून मिनार... सगळं कसं झकास. जिना मात्र कुरकुरला नाही. लाकडी घराचा जिना कसा वाजलाच पाहिजे, आमच्या कोकणातला तरी वाजतो!

तर त्याचं कारण असं. विसाव्या शतकात इथली जुनी लाकडी घरं कुजत चालली होती. तुर्की टूरिंग आणि ऑटोमोबाइल क्लबचे प्रमुख चेलिक ग्युलेरसोय यांनी ती वाचवायचं मनावर घेतलं. १९८४ मध्ये जवळच येशिल एव, म्हणजे 'हिरवं घर', हे हॉटेल सुरू झालं आणि १९८५-८६ मध्ये या गल्लीची पाळी आली. वाचवायचं म्हणजे काय, तर घरं पाडली, काँक्रीटमध्ये पुन्हा बांधली आणि बाहेरून फळ्या ठोकल्या! त्याच १९८५ साली युनेस्कोने इस्तंबूलचा जुना भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. वास्तुतज्ज्ञांनी ग्युलेरसोय यांच्यावर टीका केली, आणि ती रास्तच होती. सुताराच्या हाताचे सांधे एकदा गेले की गेले.

तरीही मला विचाराल तर माझं मत निम्म्याहून जास्त ग्युलेरसोय यांच्या बाजूने. गल्लीची रुंदी, सज्जांची उंची, तटाशी असलेली घरांची सलगी हे सगळं टिकलं. पुण्यात वाडा पडला की तिथे अपार्टमेंट उठते आणि वाड्याचं नाव तेवढं पाटीवर राहतं, त्यापेक्षा हे बरंच म्हणायचं. मला खटकतं ते वेगळंच. तुर्कस्तानचे सहावे राष्ट्राध्यक्ष फाहरी कोरुतुर्क १९०३ मध्ये याच गल्लीतल्या एका घरात जन्मले. आता इथे कुणाचं बारसं व्हायचं नाही. सगळे आमच्यासारखेच, बॅगा घेऊन आलेले. घरांचा बाह्याकार राखला, घरपण राखणं कुणाच्या योजनेतच नव्हतं.

असो. कधी गेलात तर घरांचे फोटो काढून झाल्यावर गल्लीतलं रोमन काळातलं पाण्याचं तळघरही पाहा. त्याचंही क्लबने उपाहारगृह केलं होतं, पण तिथले दगडी खांब मात्र अस्सल आहेत.