फलजची कचेरी

टिकाऊ संस्था कशी असते हे ओमानमध्ये पाहायचं, तर मस्कतच्या कंपन्यांआधी निझवा शहराच्या फलजकडे जावं. फलज म्हणजे डोंगरपायथ्याचं, झऱ्याचं किंवा ओढ्याचं पाणी नुसत्या उतारावर गावात आणणारा कालवा. असे सुमारे 3000 फलज अजून वाहतात. निझव्याच्या फलज दारिससह पाच फलज 2006 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेले. बांधकाम थक्क करणारं आहेच, पण मला त्यामागची माणसांची मांडणी अधिक मोलाची वाटते.

मोठ्या फलजच्या कारभाऱ्याला ‘वकील’ म्हणतात. पाण्याच्या पाळ्या सांभाळतो तो ‘अरीफ’, हिशेबाची वही आणखी कुणाकडे. पाळीचं माप ‘अथर’, साधारण अर्ध्या तासाचं. पूर्वी ते दिवसा सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून मोजत. पाण्याचे काही वाटे खुद्द फलजच्या मालकीचे. त्या पाण्याचा लिलाव सगळ्यांसमोर व्हायचा आणि त्याच पैशातून दुरुस्ती. आधी पिण्याचं पाणी, मग मशीद नि न्हाणी, मग खजूर, उरलं तर हंगामी पिकं. पाणी आटलं की हंगामी पेरा कमी करायचा, हे आधीच ठरलेलं. त्यामुळे टंचाईत भांडणाला फारशी जागाच नाही. खानदेशात पांझरा नदीवरच्या फड पद्धतीतही हेच: पाणी कमी तर भिजणारे फड, म्हणजे शेतांचे पट्टे, कमी, आणि पाटकरी गावानेच नेमलेला.

अभ्यासक एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी 1990च्या आपल्या ग्रंथात स्वित्झर्लंड, जपान, स्पेन, फिलिपिन्समधल्या अशा सामाईक व्यवस्था तपासल्या. नियम ज्यांना पाळायचे त्यांचाच ते ठरवण्यात हात असेल आणि राखणदार त्यांना उत्तरदायी असेल, तिथे व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. कंपनीत वरून आलेलं पर्यावरण धोरण कचेरीच्या भिंतीवरच का राहतं, याचं कारण मला इथे सापडतं. शेजाऱ्याची पाळी डोळ्यांना दिसते, म्हणून माणूस आपली पाळतो.

1970 नंतर तेलाच्या पैशाबरोबर पंप आले, विहिरी खोल गेल्या, काही फलज कोरडे पडले. तरुण शहरातल्या नोकऱ्यांकडे वळले. आज बागांतली कामं बरीचशी बांगलादेश, पाकिस्तान आणि भारतातून आलेल्या मजुरांवर चालतात. गाळ तेच उपसतात, पण वहीत त्यांच्या नावावर वाटा नाही आणि पाळ्या ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही. मस्कतच्या कचेऱ्याही अशाच कंत्राटी माणसांवर उभ्या आहेत; धोरण भिंतीवरच राहू नये असं वाटत असेल, तर त्यांनी बदलाची सुरुवात या माणसांना विचारण्यापासून करायला हवी.