वाचण्याची मुभा

लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नेलचा, कोड चाळताना मी एका ओळीपाशी हमखास रेंगाळतो. प्रोसेसरच्या ‘सीआर-झीरो’ या नियंत्रण-रजिस्टरातली किंमत उचलून घेणारी ती ओळ. या रजिस्टरातला सर्वांत खालचा बिट चढला की प्रोसेसर संरक्षित अवस्थेत जातो. ३१ क्रमांकाचा चढला की स्मृतीची पानवार विभागणी सुरू होते. साध्या प्रोग्रॅमने हे रजिस्टर वाचू पाहिले, तर प्रोसेसर त्याला जागीच अडवतो. तो मान कर्नेलचा.

निदान कागदावर तरी. इंटेलने १९८२ साली ८०२८६ बाजारात आणला, तेव्हा याच रजिस्टराचा पूर्वज होता १६ बिटांचा ‘मशीन स्टेटस वर्ड’. त्यात लिहिण्याची आज्ञा राखीव होती. वाचण्याची, ‘एसएमएसडब्ल्यू’, मात्र सर्वांना खुली. १९८५च्या ८०३८६मध्ये नव्या दाराला कुलूप लागले, पण जुने प्रोग्रॅम चालले पाहिजेत म्हणून जुने दार उघडेच राहिले. एकाच खोलीला दोन दारे आणि कुलूप एकालाच! नुसते पाहिल्याने काय बिघडते, असा त्यामागचा हिशेब असावा.

बिघडत होते. एका यंत्रात दुसऱ्या यंत्राचा आभास उभा करायचा, तर खऱ्या यंत्राची अवस्था उघड करणारी प्रत्येक आज्ञा अडवता आली पाहिजे, हे जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४मध्येच मांडले होते. इथे तर आभासी यंत्रातली पाहुणी प्रणाली ‘एसएमएसडब्ल्यू’ने विचारणा करी आणि उत्तर येई ते खालच्या खऱ्या प्रोसेसरचे. मधल्या यजमानाला पत्ताच नाही. २००० साली जॉन स्कॉट रॉबिन आणि सिंथिया अर्विन यांनी पेंटियममधल्या अशा १७ अडचणीच्या आज्ञा नोंदवल्या. व्हीएमवेअरने त्याआधीच पाहुण्या कर्नेलचा कोड चालता चालता बदलून वाट काढली होती. मला ती युक्ती मूळ रचनेपेक्षा अधिक बुद्धिमान वाटते.

इंटेलने बऱ्याच उशिरा ‘सीआर-फोर’मध्ये ११ क्रमांकाचा बिट दिला. तो चढवला की जुने दारही बंद. २०१८च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स ४.१५ने तो वापरात आणला. पण वाइन आणि डॉसइमूमधून चालणारे काही जुने प्रोग्रॅम अजूनही त्याच दारावर थाप मारत होते. त्यांना हाकलणे कर्नेलकारांना रुचले नाही. आज असा प्रोग्रॅम विचारतो तेव्हा कर्नेल रजिस्टराकडे पाहतही नाही. आधीच ठरवून ठेवलेली एक किंमत त्याच्या हाती ठेवतो.