निवड बाळाची, पण ताट कोणाचं?

१९२६ साली अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी अंगावरचं दूध नुकतंच सुटलेल्या बाळांवर प्रयोग सुरू केला. पुढे ती १५ झाली. बाळ ज्या वाटीकडे हात करेल तेच परिचारिकेने भरवायचं, आग्रह नाही. मुलं गुटगुटीत झाली. मुडदूस झालेल्या एकाने तर बरं होईपर्यंत कॉडलिव्हर तेलही आपणहून घेतलं!

‘बाळाला सगळं कळतं’ असं याचं सार तुम्ही वाचलं असेल. पण ३४ पदार्थांची यादी बघा ना. साखर नाही, डबाबंद काही नाही, मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. खरी मेख यादीत आहे, हे डेव्हिसबाईंनीच १९३९ मध्ये सांगून ठेवलंय. प्रक्रिया केलेले पदार्थ मांडून पुढचा प्रयोग करायचा होता. मंदीत पैसा आटला आणि तो राहिलाच.